सुनेत्राचा उजवा डोळा

मोरिवलीतल्या सुनेत्राला गोवर झाला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. साल २००७. उल्हासनगरच्या एका जीन्स कारखान्यात मागच्या खिशावरची नक्षी शिवायचं काम तिच्याकडे होतं. तिच्याइतका सरळ टाका तिथे कुणाचा पडत नसे. धाकटी बहीण अस्मिता तिथेच धागे कापायची.

दोघी एकाच खोलीत झोपायच्या, पण अस्मिताला साधी शिंकही आली नाही. आई म्हणाली, "तिला लहानपणी लस टोचली होती. तुझ्या वेळी आपण गावाला होतो, तिकडे कुठली लस?"

सुनेत्राला हे झोंबलं. दहावीपर्यंत शाळा अस्मिताला, नवे कपडे अस्मिताला, आणि आता लससुद्धा तिलाच. चौथ्या दिवशी कळलं, शेठने अस्मिताला सुनेत्राच्याच मशीनवर बसवलंय.

अंगावरचं पुरळ ओसरलं, डोळे मात्र लालच राहिले. उजेड सहन होईना म्हणून आईने खिडकीला चादर लावली. उजवा डोळा तर खडा सलावा तसा दुखायचा. अस्मिता कामावरून येऊन म्हणाली, "ताई, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. मी सुट्टी टाकते."

"तू जा मशीनवर. माझ्या डोळ्यांचं मी बघीन."

शेजारणीने मेडिकलमधून आणलेला ड्रॉप ती चार दिवस घालत राहिली. पाचव्या दिवशी समोर बसलेली आई त्या डोळ्याला धुरकट दिसली. अस्मिताने काही न विचारता रिक्षा आणली.

डॉक्टरांनी आधी तो ड्रॉप बंद केला. "गोवरामुळे बुबुळावर जखम झालीय, आणि या ड्रॉपने ती चिघळली. आधीच यायला हवं होतं."

त्यांनी औषधं दिली, अ जीवनसत्त्वाचे डोस दिले. डावा डोळा निभावला. उजव्यातली जखम भरली, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं आणि नजर धूसरच राहिली.

दोन महिन्यांनी ती कारखान्यात गेली. अस्मिता लगेच मशीनवरून उठली. सुनेत्राने खिसा सुईखाली धरला. टाका वाकडा गेला. दुसराही.

"बस तूच," म्हणत तिने धागे कापायची कातर उचलली.

वर्षभर ती अस्मिताचे खिसे उलटसुलट करून बघायची, कुठे चूक सापडते का म्हणून.

एकदा डबा खाताना अस्मिताने विचारलं, "ताई, तेव्हा माझ्याबरोबर डॉक्टरकडे का आली नाहीस?"

सुनेत्राने भाकरी मोडली. "तू म्हणालीस म्हणून."

अस्मिताने आपल्या डब्यातली भाजी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं."

हे कारण सुनेत्राने आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.