पांढरी घोडी का थांबली

बायकोच्या तेराव्याला, माझ्याच घरात, माझ्याच पंक्तीला बसून माझ्या साडूने ती गोष्ट पुन्हा सांगितली. अंधेरीच्या घोडीची. वर नवरदेव, पुढे बँड आणि घोडी रस्त्यात खांबासारखी उभी. "शेवटी नवरदेव चालत गेला मारुतीला! घोडी अडेलतट्टू, आणि आमची मेव्हणी तिच्याहून अडेलतट्टू!" पंक्ती हसली. तोंडात लाडू घेऊन हसली. मी उठून बाहेर गेलो. तिथे थांबलो असतो तर त्याच्या अंगावर ताट फेकलं असतं. म्हणून हे लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. साडू तिथे नव्हताच.

तेव्हा अंधेरीला स्टेशनातून पूर्वेला उतरलं की थोड्या वेळात भातशेती लागायची, ताडाची झाडं आणि म्हशींचे तबेले. मी आधी गोऱ्या साहेबांकडे घोड्यांची देखभाल करायचो. साहेब गेले, पागा मोडली. वय झालेली दोन-तीन जनावरं कोणी घेईना, ती मी आणली. एका मालकाच्या मोकळ्या प्लॉटवर बांबू ठोकून रिंगण केलं आणि पाटी लावली, 'घोडेस्वारी शिका'. लोक म्हणायचे, "शिकून काय करू रे? ऑफिसला घोड्यावर जाऊ?" हसले, पण पोरं पाठवली. वकिलाची, डॉक्टरची, कारकुनांची सुद्धा.

बायको घाटकोपरच्या टांगेवाल्याची पोर. घोड्यांच्या पायांतच वाढलेली. मोठ्यांना मी शिकवायचो, लहानांना ती. तिची पद्धत अशी, की नव्या पोराच्या हातात लगाम द्यायचाच नाही. रिकिबीत पायही नाही. पांढरी घोडी लांब दोरीवर गोल फिरायची, दोरी धरून ही मधोमध उभी, आणि पोराने वर नुसतं बसायला शिकायचं. पांढरीला तिने एक गोष्ट पक्की शिकवली होती. पाठीवरचं वजन एका बाजूला कललं की जागच्या जागी थांबायचं. कोणी काही म्हणो न म्हणो. त्यासाठी एक अख्खा हिवाळा ती स्वतः वर बसून मुद्दाम कलायची, घोडी थांबली की गुळाचा खडा. मग झालं काय, पोर घसरायला लागलं की पांढरी थांबायची आणि मान वळवून बघायची. पोर सावरून बसलं की पुन्हा चालायला लागायची. आयांनी बिनघोर पोरं पाठवली ती या पांढरीच्या भरवशावर. माझ्या पाटीच्या नव्हे.

प्लॉटमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. मालक स्वतः आला.

"मास्तर, पोरगा मारुतीला घोड्यावर जाणार. पांढरी पाठवा."

"मालक, ती लग्नाची घोडी नाही. लहान पोरांची आहे."

"घोडी ती घोडी. आणि प्लॉट कोणाचा, विसरलात वाटतं?"

बायको तोबऱ्यात चणे भरत होती. तिथूनच म्हणाली, "पाठवू. पण दोरी माझ्या हातात. फटाके नाहीत, छडी नाही. आणि नवरदेवाने सरळ बसायचं."

मालक हसला. "वहिनी, लग्न त्याचं आहे. ताठच बसेल की!"

लग्नाच्या सकाळी तिने पांढरीला अंघोळ घातली, आयाळीच्या बारीक वेण्या मी घातल्या, वर अबोलीचे गजरे. त्यांच्या दारात पोचलो तर नवरदेवाची आत्या आडवी आली. बायकोला म्हणाली, "तू पुढे नको गं. तुला मूलबाळ नाही. नवऱ्यामुलाच्या पुढे असली बाई बरी दिसत नाही."

तोंडावर म्हणाली! सगळ्या अंधेरीची पोरं जिने झेलली, तिची सावली यांच्या घोड्याला चालेना. आणि घोडी कोणाची? तर तिचीच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने माझं मनगट दाबलं. "अहो, प्लॉट जाईल. गप्प बसा." दोरी नवरदेवाच्या मामाकडे गेली. त्या माणसाने आयुष्यात छत्रीशिवाय काही धरलं नसेल. आम्ही दोघं वरातीच्या शेवटी, चपला सांभाळणाऱ्यांच्या सोबत.

दारोदार बायका ओवाळायला यायच्या, नवरदेव वाकायचा, पांढरी थांबायची. तो सरळ झाला की चालायची. लोकांना वाटलं, काय गुणी घोडी! देऊळ दिसायला लागलं आणि नवरदेवाची मांडी अवघडली. खुर्चीत बसल्यासारखा एका कुल्ल्यावर रेलला आणि तसाच राहिला. पांढरी थांबली. थांबली ती थांबलीच.

मामाने दोरी ओढली. बँडवाल्याने तिच्या कानाशी ढोल बडवला. "अरे, द्या एक ठेवून!" कोणीतरी तोरणाची बांबूची कामटी उपसली आणि तिच्या पाठीमागून सडसड चालवली. पांढरी थरथरली, पण ना लाथ मारली ना हलली. वर कोणीतरी पडतंय, आपण हललो तर ते पोर खाली येईल, एवढंच त्या जनावराला ठाऊक. त्यासाठी ते मार खात उभं होतं. आणि वर पोर नव्हतं, बावीस-पंचवीस वर्षांचा घोडा बसला होता, आळसाने वाकडा!

बायको बँडमधून घुसत पुढे गेली. "सरळ बसा! अहो, सरळ बसा!" कोणाला ऐकू जातंय? अजून एक कामटी बसली आणि पांढरीने पाऊल उचललं. तो अजून वाकडाच होता, आणि तिने पाऊल उचललं. ते बघून बायकोने मामाच्या हातातली दोरी हिसकली.

"उतर खाली."

"काय?" नवरदेव म्हणाला.

"उतर म्हणते ना!"

उतरला. आत्याने अपशकुन झाला म्हणून गळा काढला. आम्ही घोडीला घेऊन निघालो. वाटेत मी म्हटलं, "देऊळ समोर होतं गं. सरळ बसवून नेला असता." ती म्हणाली, "पाऊल उचललं तिने. बघितलंत ना? थांबण्याबद्दल मार खाल्ला आज. उद्या पोर घसरेल तेव्हा ती थांबणार नाही, पळेल."

हा अडेलपणा? सांगा मला.

नवरानवरीची हळद उतरायच्या आत मालकाने प्लॉटला तारेचं कुंपण घातलं. आम्ही वर्सोव्याच्या वाळूवर गेलो. पांढरीवर एकाही पोराला बसवायचं नाही, असं बायकोने ठरवलं. स्वतः बसली आणि कलली. पांढरी पळाली. बायको पडली. ओहोटीची ओली वाळू लादीसारखी कडक असते. पुन्हा बसली, पुन्हा पडली. एकदा खांदा निखळला. हाडवैद्याने बसवला, पण तो नीट धरायच्या आधीच ही पुन्हा घोडीवर. मी ओरडलो, भांडलो. म्हणाली, "मी पडले तर मीच पडेन. लोकांची पोरं नाही पाडायची."

मग एका सकाळी ती कलली आणि पांढरी थांबली. मान वळवून बघितलं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पोरं बसायला लागली.

बायकोचा तो हात मात्र खांद्याच्या वर कधी गेला नाही. केसांपर्यंत पोचायचा नाही. तेव्हापासून तिची वेणी मी घातली, दवाखान्यातल्या खाटेवर सुद्धा. मला आयाळीच्या वेण्यांची सवय, घट्ट पीळ. ती म्हणायची, "अहो, जरा सैल! मी काय वरातीला निघालेय?"

पंक्तीला बसून हसणाऱ्यांतल्या एकाने तरी कधी विचारलं होतं, हिची वेणी कोण घालतं म्हणून? साडू रविवारी येणार आहे. माझी समजूत काढायला, म्हणे. येऊ दे. हे कागद त्याच्या हातात देणार आणि मोठ्याने वाचायला लावणार. आणि वाचताना वाकडा बसला, तर उठवणार.