पाराबाईंचा समुद्र

पाराबाईंकडे पहिल्यांदा चहाला गेले, तेव्हा त्यांनी माझ्या कपात आधी तापमापक बुडवला. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी लांब काचेची कांडी. ती चहात उभी धरून, डोळे बारीक करून त्यांनी पारा वाचला आणि म्हणाल्या, "जरा थांब वो कुसुम, जीभ पोयते." मी मूळची अमरावतीची. आमच्याकडे पाहुण्याची जीभ पाहुण्यानेच सांभाळायची असते. मला हसू आवरेना. पण त्या गंभीर चेहऱ्याने कांडी पुसत बसल्या, आणि चहा त्यांच्या मनासारखा निवल्यावरच मला कप उचलायची परवानगी मिळाली.

ही साठ सालानंतरची, अकोल्यातली गोष्ट. मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. भाऊसाहेबांच्या घराच्या मागच्या अंगाला आमच्या दोघींच्या भाड्याच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. पाराबाई हे नाव मुलींनी ठेवलेलं. आंघोळीचं पाणी असो, ताक असो की पावसाचं डबकं, बाईंच्या हाताआधी ती कांडी आत जायची. मग दुसरं काय नाव पडणार? बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. "चांगलं नाव हाये," त्या म्हणत. "हेडबाईंले काय म्हनतात ते आयकलं नाही तू." ते मी ऐकलं होतं. इथे लिहिण्यासारखं नाही.

पण कांडीचं खरं काम होतं ते त्यांच्या खोलीतल्या समुद्रापाशी. हो, समुद्रच. खिडकीच्या काचा जोडून केलेली, ट्रंकेएवढीही नसलेली एक पेटी. तीत मुंबईचं खारं पाणी, बारीकसारीक जिवांनी भरलेला खडकाचा एक तुकडा, पट्ट्यापट्ट्यांच्या दोन मासोळ्या, शंख पाठीवर घेऊन हिंडणारा एक खेकडा आणि खडकाला चिकटलेलं एक समुद्रफूल. फूल म्हणायचं, पण तो प्राणी. पाण्यात पाकळ्या हलवत बसायचा. बाईंचा भाऊ मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. घरी येताना तो लोणच्याच्या मोठ्या बरण्यांतून हे सगळं आणायचा. गाडीच्या डब्यातले लोक विचारत, "कशाचं लोनचं हाये हो?" तो सांगे, "समुद्राचं."

हा सगळा खटाटोप होता बाईंच्या आईसाठी. आई मूर्तिजापूरला राहत. छप्पन साली त्या दीक्षेला नागपूरला गेल्या होत्या. तिथे गर्दीत कुणीतरी म्हणालं, पाहा, माणसांचा समुद्र लोटला आहे. आईंनी कधी समुद्र पाहिला नव्हता. खरा समुद्र कसा असतो ते पाहायचं, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं. त्याच थंडीत सगळी वस्ती रडत शेवटच्या दर्शनाला दादरच्या समुद्राकाठी निघाली, तेव्हा त्या तापाने अंथरुणाला खिळलेल्या. जाणं राहून गेलं, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं. पुढे मोतीबिंदूने दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात काढू. पण मुंबईच्या प्रवासाचं नाव काढू नका, छाती दमलेली आहे. बाईंनी मग ठरवलं, आईला समुद्राकडे नेता येत नाही तर समुद्र आईकडे आणायचा, आणि डोळ्यांची पट्टी सुटेपर्यंत तो जिवंत ठेवायचा. मधे फक्त अकोल्याचा उन्हाळा होता.

आता अकोल्याचा उन्हाळा म्हणजे दुपारी कावळासुद्धा झाड सोडत नाही. तिथे ट्रंकभर पाणी तापायला कितीसा वेळ? मी सुचवलं, बर्फ टाका. शुद्धलेखनाच्या चुकीकडे मी ज्या नजरेने पाहते त्या नजरेने बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "गार नाही वो पाह्यजे, एकसारखं पाह्यजे. मोठ्या समुद्राचा पारा सहजी हालत नाही, तेच्यात पानीच तेवढं हाये. आपला समुद्र येवढुसा. तेले घटकेत ताप चढते, घटकेत थंडी वाजते."

म्हणून ती पेटी त्यांनी जस्ताच्या मोठ्या टबात, साध्या पाण्यात उभी केली होती. बाहेरची धग आधी टबाने सोसावी. टबाभोवती ओलं गोणपाट, आपण माठाला फडकं गुंडाळतो तसं. खोलीतली सगळ्यात गार भिंत, दारावर वाळ्याचा पडदा, पेटीवर काचेचं झाकण. मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरून तिची बारीक नळी पाण्यात सोडलेली. तिचे बुडबुडे येत राहत. आणि पेटीत कायम उभी ती कांडी.

"एकदम नको" हा त्यांचा मंत्रच होता, आणि तो मासोळ्यांपुरता नव्हता. परीक्षेच्या तोंडावर रात्रंदिवस घोकणाऱ्या मुलींना तो ऐकावा लागे, आणि सगळ्यात जास्त मला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा हेडबाईंशी कडाक्याचं भांडण करून मी राजीनामा लिहायला बसले. बाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "राजीनामा दे ना, पन निवल्यावर दे. तापल्या गिलासात गार पानी टाकलं का गिलास तडकते." मी निवले, आणि राजीनामा राहून गेला. त्याच शाळेतून मी पुढे म्हातारी होऊन निवृत्त झाले.

समुद्र पाहायला गल्ली लोटायची. मासोळ्यांपेक्षा लोकांना त्या खडकाचं कौतुक. "जिवंत गोटा" असं त्याचं नाव झालं होतं. एक आजीबाई हळदकुंकू आणि उदबत्ती घेऊन आल्या. बाई म्हणाल्या, "आजी, हा देव नाही वो." आजी म्हणाल्या, "अवं, हालते तर हाये!" "हालते म्हनूनच देव नाही," बाई म्हणाल्या आणि उदबत्ती विझवून परत दिली.

भाऊसाहेब आमचे घरमालक. उंचपुरे, डोक्याला फेटा, अकोटकडे खारपाण पट्ट्यात काळी जमीन. खारपाण म्हणजे विहिरीचं पाणीच असं खारट की तोंडात धरवत नाही. माणूस शब्दाचा पक्का आणि मनाने मऊ, पण बाईंना खोली देताना त्यांनी बरेच आढेवेढे घेतले होते. शेवटी "मास्तरीन हाये, राहू द्या" म्हणून दिली. समुद्रापाशी ते तासन् तास बसत, पण बाईंच्या माठातलं पाणी कधी पीत नसत. कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं आणि बोलत कुणी नव्हतं. मला त्याचा संताप यायचा. बाई म्हणायच्या, "राहू दे वो. मानूस हाये. एकदम नाही निवत."

भर वैशाखात, आईला बरं नाही म्हणून बाई एका सकाळी मूर्तिजापूरला गेल्या. गोणपाट ओलं ठेवायचं काम त्यांनी भाऊसाहेबांवर सोपवलं, आणि भाऊसाहेबांनी ते इमानाने केलं. पण पेटीतलं पाणी उडून उडून बोटभर खाली गेलेलं त्यांना दिसलं आणि त्यांचा जीव कळवळला. आमच्याकडे उन्हाळ्यात दारी आलेल्या कुत्र्यालाही पाणी ठेवतात. इथे तर घरचे मासे. बाईंना पाण्यासाठी मुंबईकडे तोंड करावं लागतं हे त्यांना आधीपासून खुपत होतं. खारंच पाणी हवं ना? मग आपल्या गावाला काय तोटा? त्यांनी बैलबंडीवरून स्वतःच्या विहिरीचं पाणी मुद्दाम मागवून ठेवलं होतं, आणि माशांना बरं वाटावं म्हणून ते माठात घालून चांगलं थंडगार केलं होतं. ते त्यांनी पेटीत तोंडोतोंड ओतलं.

मी अंगणात पापड वाळत घालत होते. "कुसुमबाई, या ना, पाहा कसा भरला समुद्र!" अशी हाक आली. मी जाऊन पाहिलं तर समुद्रफूल मिटून सुपारीएवढं झालेलं, आणि मासोळ्या कलंडत होत्या. उन्हं उतरेपर्यंत एक मासोळी गेली.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा भाऊसाहेब फेटा हातात घेऊन दारात उभे होते. "मी त मायेनं टाकलं वो बाई. खारंच होतं." बाईंनी आधी कांडी पाहिली, मग बोट बुडवून पाणी चाखलं. मला वाटलं, आज यांचा पारा चढणार. पण त्या टबापाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माया केली भाऊसाहेब, पन एकदम केली." मग त्यांना समजावून सांगितलं, की उडून जातं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून वरून चमचाचमचा गोडंच घालायचं असतं. आणि खारपाणाचं मीठ वेगळं, समुद्राचं वेगळं. भाऊसाहेब शाळकरी पोरासारखे मान खाली घालून ऐकत होते.

मुंबईच्या पाण्याची एक बरणी शिल्लक होती. बाईंनी ती आधी टबात ठेवून तिचा पारा पेटीतल्या पाण्याइतका होऊ दिला, आणि मग वाटीवाटीने जुनं पाणी काढून नवं घालायला लागल्या. आज थोडं, उद्या थोडं. उरलेली मासोळी सावरली, खेकडा हिंडू लागला. फूल मात्र उघडेना. "आईले काय दाखवू वो? गोटा?" एवढंच बाई एकदा म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

भाऊसाहेब त्या दिवसांत शेत विसरले. स्टूल घेऊन पेटीसमोर बसत, गोणपाट वाळू देत नसत, आणि दार धाडकन लावणाऱ्याला शिव्या घालत. एका रणरणत्या दुपारी त्यांची आरोळी आली, "उघडलं वो! बाई, उघडलं!" आम्ही धावलो. फूल पाकळ्या पसरून डुलत होतं. भाऊसाहेब घामाने निथळत होते, डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "गळा सुकला बाई. पानी द्या." बाईंनी आपल्या माठातला गडू भरून दिला. त्यांनी तो घटाघटा पिऊन पुन्हा पुढे केला. नंतर मी बाईंना कोपराने ढोसलं, तर त्या म्हणाल्या, "पाह्यलं मी. पन गोनपाट इतक्यात काढू नको."

हिवाळ्यात सगळं उलटं झालं. गोणपाट गेलं, टबाला गोधडी आली, वर भाऊसाहेबांची घोंगडी. आईंचं ऑपरेशन नीट झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून त्या खोलीत आल्या, तेव्हा बाईंनी त्यांना धरून थेट पेटीपाशी नेलं. पण आई वळल्या आणि बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहू लागल्या. "केसं पांढरे झाले वो पोरी तुहे."

"आई, समुद्र पाय ना!"

"पायतो ना. समुद्र कुठी पयून चालला? आधी तुले पाहू दे."

बाई तिथेच रडल्या. मीही. भाऊसाहेब उगाच घोंगडी सारखी करत होते. मग आईंनी समुद्र पाहिला. फुलाचं, मासोळीचं, खेकड्याचं, सगळ्यांचं कौतुक केलं. आणि शेवटी म्हणाल्या, "हा त लहान हाये. मोठा कवा दाखवतं?"

डॉक्टरांना न विचारता आम्ही निघालो. फूल, खेकडा आणि मासोळी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बरणीत, बरणी बाईंच्या मांडीवर. दादरला आई आधी, ज्या जागी त्या थंडीत यायचं राहून गेलं होतं, तिथे डोकं टेकून किती तरी वेळ बसल्या. मग उठून समुद्राकडे वळल्या. पाण्याला पार दिसेना. आईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि बाईंना विचारलं, "येवढ्या मोठ्याले गोनपाट कोन गुंडायते वो?"

बाई हसत हसत पाण्यात उतरल्या, आधी कांडी बुडवून पारा पाहिला, आणि मग बरणी हळूहळू कलती केली.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी होते. ताप चढला होता, भाचा धावतपळत बर्फ घेऊन आला. मी म्हटलं, बर्फ नको. कोमट पाण्यात फडकं भिजवून त्यांच्या कपाळावरून, हातापायांवरून फिरवत राहिले. बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "पारा?"

"उतरतोय बाई. हळूहळू."

"मंग बरं हाये," त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळून शांत झोपल्या.