निवा माहेरी निघाली

दर रविवारी सकाळी सुशीलामावशी साडीवर गमबूट चढवून घराबाहेर यायच्या, गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालायच्या आणि एका झटक्यात इंजिन सुरू करायच्या. किल्लीनेही ते सुरू व्हायचं, पण हाताची सवय मोडायला नको. "मला ढकलायला कुणी लागता कामा नये," असं त्यांचं म्हणणं.

गाडी म्हणजे लाडा निवा, चौकोनी, ठेंगणी रशियन जीप. मावशी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारी राहायच्या. हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. काका गेल्यावर त्यांनी ती घेतली. मराठी मंडळातले जर्मन गाड्यांचे मालक हसायचे. मावशी ऐकून घ्यायच्या आणि बर्फाची वाट बघायच्या.

एका संक्रांतीला तो गुडघाभर पडला. जर्मन गाड्या जागच्या हलेनात. मंडळाच्या हळदीकुंकवासाठी सगळ्या बायकांना हॉलवर मावशींनीच चार खेपांत आणलं. आणि कुंकू लावायची वेळ आली तशा त्या, विधवा म्हणून, मुकाट्याने किचनमध्ये चहा करायला गेल्या. मी सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. माझं डोकं फिरलं.

"मावशी, तुम्ही पण बाहेर बसा ना. इट्स सो अनफेअर."

"चहा कोण करणार? कप पूस," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि बाहेर वाण लुटणाऱ्या माझ्या आईची लाज वाटली.

नव्वदच्या दशकात मावशींचे गुडघे गेले आणि निवा विकायची ठरली. तेव्हा इंग्लंडच्या बंदरांत आलेले रशियन खलाशी जुन्या लाडा विकत घेऊन जहाजावरून मायदेशी न्यायचे. तसे दोघे ट्रेनने आले. निरोपाला मंडळातल्या बायकाही जमल्या. पोर माहेरी निघालीय, ओटी भरल्याशिवाय कशी पाठवायची, असं म्हणून मावशी सवयीने मागे सरल्या. तांदूळ-नारळाचं ताट आईच्या हातात होतं. आई पुढे झाली, थबकली, मागे वळली आणि ताट तिने मावशींपुढे धरलं.

"सुशीला, पोर तुझी. तूच भर."

मावशींनी पुढच्या सीटवर ओटी भरली. मग ते दुखरे गुडघे टेकून हँडल घातलं आणि एका झटक्यात इंजिन सुरू करून दिलं. थोरल्या खलाशाने टोपी काढली.

पुढच्या संक्रांतीला मावशींकडे गाडी नव्हती. त्यांना आणायला आई स्वतः गेली. किचनमध्ये चहा मी केला.