जाळीतला भंडारा

हे लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. देवाची प्रचिती आली की माणसं चारचौघांत कौतुकाने सांगतात. मला आली तेव्हा मान खाली घालावी लागली. तरी प्रचिती ती प्रचितीच, म्हणून सांगतो.

आमचं मूळ धुळ्याकडचं, पण माझी हयात सुरतेत, उधन्याच्या मिलमध्ये मागावर गेली. कुलदैवत खंडोबा. निवृत्त झाल्यापासून देवपूजा माझ्याकडे आहे आणि तिचा मला थोडा ताठाही होता, हे आता कबूल करतो. मुलाने प्रज्ञाशी लग्न केलं. ती बौद्ध घरातली. लग्न ठरलं तेव्हाच ती मला स्पष्ट म्हणाली होती, "बाबा, सणाचा स्वयंपाक करीन, आल्यागेल्याचं बघीन, पण मूर्तीपुढे हात जोडणार नाही." मी मोठ्या मनाने हो म्हटलं. सगळ्या नातेवाइकांना ते मोठं मन सांगतही फिरलो.

प्रज्ञा घरी बसून साड्यांच्या भरतकामाच्या डिझाइनी करते. लॅपटॉपवर एकेक टाका बसवायचा, मग ती डिझाइन कारखान्यातल्या भरतकामाच्या मशीनवर चढते. चंपाषष्ठीनंतर तिचा लॅपटॉप बिघडायला लागला. काम रंगात आलं की आतला पंखा घरघरायचा, पडदा निळा व्हायचा आणि सगळं बंद. जतन न केलेलं काम गेलं म्हणजे गेलंच. तिने चार्जर बदलला, बॅटरी बदलली. नेहमीच्या दुकानदाराने दोन वेळा आतलं सॉफ्टवेअर पुसून नव्याने भरून दिलं. घरी आणलं की आठवडाभरात पुन्हा तेच. शेवटी तिचे शेठ म्हणाले, लग्नसराईच्या पदरांच्या डिझाइनी सोमवारपर्यंत आल्या नाहीत तर काम दुसऱ्याला देतो. मोठ्या मेहनतीने मिळवलेलं काम होतं ते.

अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्याने धीर द्यायचा. मी काय केलं? जेवताना सगळ्यांसमोर म्हणालो, "घरातल्या देवाला जी हात जोडत नाही, तिच्या वस्तूला यश कसं येणार?" प्रज्ञाने ताटातला घास तसाच ठेवला. माझी बायको अहिराणीत माझ्यावर उखडली, "त्या पोरले काबर बोली राहिनात तुम्ही?" मी पाणी प्यायलो आणि उठलो. पुढचे काही दिवस तेच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने बोलत राहिलो. पूजेला बसलो की खंडोबाला म्हणायचो, देवा, ज्याची चूक असेल त्याला दाखव. ज्याची म्हणताना डोळ्यांपुढे प्रज्ञाच असायची.

शनिवारी दुपारपर्यंत लॅपटॉप त्या दिवसात तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा ती उठून माझ्यापाशी आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणता तर उद्या सकाळी मी हात जोडते. पण हे काम जायला नको." खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. जिंकल्याचा आनंद. मी तिला सकाळी लवकर आंघोळ करून यायला सांगितलं आणि लॅपटॉप काखोटीला मारून ऐटीत दुरुस्तीच्या दुकानाकडे निघालो. आता देव पावणार याची मला खात्री होती.

नेहमीचं दुकान बंद होतं. मी पायरीवर उभा राहून चडफडत होतो, तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातून एका गुजराती गृहस्थाने हाक मारली. वय माझ्याएवढंच, कपाळावर गंध, समोर दुरुस्तीला आलेल्या मिक्सर-इस्त्र्यांचा ढीग. मी म्हटलं, हा कॉम्प्युटर आहे, तुमचं काम नाही. ते हसले. लॅपटॉप हातात घेऊन चालू केला आणि थोड्या वेळाने त्याच्या पाठीला तळहात लावला. आमच्या नेहमीच्या दुकानदाराने हे एकदाही केलं नव्हतं. मग बंद करून त्यांनी खालचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत सगळं पिवळं होतं. पंख्याच्या पात्यांवर, त्याच्या जाळीत, कोपऱ्याकोपऱ्यांत पिवळी भुकटी घट्ट बसली होती.

"काका, आमां तो हळदर भराई गई छे!" ते म्हणाले.

नुसती हळद नव्हती ती. भंडारा होता. आणि तो मी घातला होता.

चंपाषष्ठीला तळी उचलली, त्या दिवसापासून मी रोज पहाटे, प्रज्ञा उठायच्या आधी, तिच्या लॅपटॉपवर चिमूटभर भंडारा टाकत होतो. मिलमध्ये दसऱ्याला आम्ही मागाला हळदकुंकू वाहायचो, मागाच्या मोटारीवरही टाकायचो, काही होत नसे. इथे मागच्या जाळीतून वारा येतो, म्हणजे यंत्राचा प्राण तिथेच असणार, असं धरून मी नेमका जाळीवर टाकायचो. बंद पडायला लागल्यावर चिमटीच्या दोन चिमट्या केल्या. हे कोणाला बोललो नाही. ती देव मानत नाही तरी तिच्या नकळत देव तिच्या कामात घुसवतोय, यात मला फार हुशारी वाटत होती.

मी अडखळत त्यांना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, "काका, ठाकोरजीने गरमी लागे तो आपणे पंखो नाखीए. तमे तो पंखामां ज हळदर नाखी." त्यांच्या ठाकोरजीला, म्हणजे कृष्णाला, उकडलं की ते वारा घालतात; मी वारा घालणाऱ्या पंख्यातच हळद घातली होती. मग त्यांनी एक स्वच्छ कागद पसरला, बारीक ब्रशने सगळा भंडारा त्यावर उतरवला आणि पुडी बांधून माझ्या हातात दिली. "प्रसादीनी वस्तु कचरामां न नंखाय." माझ्या देवाचा मान माझ्यापेक्षा त्या परक्या माणसाने जास्त राखला. पुडी मी खिशात जपून ठेवली.

घरी येऊन लॅपटॉप जागेवर ठेवला. प्रज्ञा लगेच कामाला बसली आणि संध्याकाळभर तो एकदाही बंद पडला नाही. सांगायला हवं होतं, पण मी सकाळपर्यंत टाळलं.

सकाळी ती न्हाऊन, केस ओलेच, देवघरापाशी येऊन उभी राहिली. हात उचलणार तोच मी म्हणालो, "पोरी, थांब. हात जोडू नकोस." आणि पुडी उघडून सगळं सांगितलं. चंपाषष्ठीपासूनचं, जाळीचं, पहाटेच्या चिमटीचं. मग तिची माफी मागितली.

तिने त्या भंडाऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "वर पडलेला दिसायचा मला, बाबा. रोज सकाळी मी फडक्याने पुसून टाकायचे. आतही गेला असेल हे मात्र सुचलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्या कामासाठीच टाकत होतात ना. कसं बोलू?"

एवढं बोलून ती कामाला बसली. सोमवारी डिझाइनी वेळेवर गेल्या, काम टिकलं. खंडोबाने माझं मागणं शब्दशः पुरं केलं होतं, ज्याची चूक त्याला दाखवली होती. तोवर मी देवाला फक्त दुसऱ्यांची गाऱ्हाणी सांगत आलो होतो आणि त्यालाच भक्ती समजत होतो. त्या रविवारी पूजा अर्धी राहिली होती. ती पुरी करायला बसलो, पण मागायला काही सुचेना. पलीकडच्या खोलीतून प्रज्ञाच्या बोटांचा टकटक आवाज येत होता. मी नुसता डोकं टेकवून राहिलो.