कथेचा शेवट त्यांनी लिहिला

"अहो, हिने कथेची चक्क पोच मागितलीय!"

अंकाच्या प्रकाशनाला संपादक माइकवर असं म्हणाले आणि डहाणूच्या त्या हॉलमधली शंभरेक माणसं खो खो हसली. त्यांच्या हातात माझं पत्र होतं. कथेसोबत मी पाठवलेलं. ते त्यांनी नाटकातल्यासारखं वाचायला घेतलं. "विषय: कथा छापण्याबाबत. सोबत जोडपत्रे. एक, कथा, तीन प्रती. दोन, आधार कार्डाची सत्यप्रत. तीन, अपंगत्वाच्या दाखल्याची सत्यप्रत. चार, पासपोर्ट फोटो, दोन. कृपया पोच मिळावी ही नम्र विनंती." प्रत्येक आकड्याला हशा. पासपोर्ट फोटोंना तर टाळ्या पडल्या.

मी स्टेजवरच होते. प्लास्टिकच्या खुर्चीत. स्टेजला पाच पायऱ्या, म्हणून दोन स्वयंसेवकांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेऊन ठेवलं होतं. विचारलं नाही, सांगितलं नाही. माझी कुबडी खाली भिंतीशीच राहिली. म्हणजे उठून जावं म्हटलं तरी सोय नव्हती. फोटोवाला म्हणाला, "ताई, हसा जरा." मी हसले. माझ्याच फजितीवर मी दात काढले. त्या हॉलच्या हसण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याची मला जास्त लाज वाटते.

पत्र तसं का लिहिलं, ते सांगते. मी मूळची कैनाडची. लहानपणी तापात डावा पाय गेला. बारावी झाले आणि गेली अठरा वर्षं तलासरीत कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिते. रेशन कार्ड, पेन्शन, दाखले. आमच्या धंद्यात कागद दिला की पोच घ्यायची. नाही घेतली, तर उद्या साहेब म्हणतो, कसला कागद? कधी दिला? हे शहाणपण मला पुस्तकाने नाही, लोकांच्या हेलपाट्यांनी शिकवलं. 'दिव्यांग विशेषांकासाठी दिव्यांगांकडून साहित्य मागवत आहोत' अशी जाहिरात फोनवर आली, तेव्हा मला वाटलं, दाखला लागणारच. दाखल्याशिवाय आम्हाला कोणी लंगडंसुद्धा मानत नाही.

कथा जमनीची होती. जमनी अच्छाडला हायवेच्या कडेला ट्रकवाल्यांना चहा विकते. दोन्ही पाय वाळलेले, हातांवर सरकत जाते. दाखल्याच्या शिबिरात ती रांगेत माझ्या पुढे होती. बाहेरून आलेला डॉक्टर तिला म्हणाला, "उभी राहा."

"नाय राहता येत."

"सगळे असंच म्हणतात. भिंत धर नि उठ."

जमनीने खिडकीचे गज धरले, दात-ओठ खात अंग वर ओढलं. कशीबशी भिंतीला टेकली.

"आता भिंत सोड."

तिने सोडली. धाडकन तोंडावर पडली. डॉक्टर हसला. म्हणाला, "चला, खात्री पटली. पुढचा!"

पुढची मी होते. जमनी स्वतःच उताणी वळली, फुटलेला ओठ पदराने पुसला आणि डॉक्टरला आईवरून शिवी दिली. खणखणीत. बाकी कोणी हललं नाही. मीही नाही. मला दाखला हवा होता ना! बाहेर आल्यावर जमनी मला म्हणाली, "तू सगल्यांचे अर्ज लिवतेस. माझा हा बी लिव. झाला तसा लिव." मी तिला शब्द दिला. कथा मी तिच्या शिवीवर संपवली.

तर स्टेजवर हशा ओसरल्यावर अंक माझ्या हातात आला. मी पान काढलं. माझ्या नावाखाली कंसात छापलं होतं, '६५ टक्के दिव्यांग'. मीच दिला होता ना दाखला! कथेला मी नाव दिलं होतं 'पुढचा'. छापलेलं नाव 'देवदूत'. आणि शेवटी जमनी पडते, डॉक्टर धावत येतो, तिला लेकीसारखं उचलतो, त्याचे डोळे भरून येतात आणि जमनी त्याचे पाय धरून म्हणते, "तुम्हीच माझे देव."

दोनदा वाचलं. मग शेजारी बसलेल्या संपादकांना विचारलं, "सर, शेवट कोणी बदलला?"

"मीच. अगं, तू बरी लिहितेस, पण फार कडवट. वाचकाला करुणा लागते. शिव्या कोण छापणार? तुमच्याविषयी लोकांचं मन हळवं व्हायला नको?"

माझ्याच वयाच्या मुंबईच्या कवयित्रीला ते 'मॅडम, आपण' म्हणत होते. मला 'अगं'.

करुणा! करुणा तर माझा धंदा आहे. 'मी अत्यंत गरीब व निराधार असून मेहरबान साहेबांनी माझ्यावर दया करावी.' अठरा वर्षं हेच गिरवते, कारण त्याशिवाय साहेबाची सही होत नाही. आख्ख्या आयुष्यात फक्त या एकाच कागदावर मी दया मागितली नव्हती. नेमकी त्याच कागदावर यांनी ती कोंबली.

सत्कार झाले. अंकाला मदत करणारे चिखल्याचे एक वाडीवाले, चिकूच्या बागांचे मालक, प्रमुख पाहुणे होते. पाहुण्या लेखकांना त्यांच्या वाडीतल्या चिकूंची एकेक करंडी. मला ब्लँकेट. मग संपादकांनी माइक खाली करून माझ्या तोंडाशी धरला. "आता आपली ही गुणी मुलगी दोन शब्द बोलेल." मी अडतीस वर्षांची आहे.

मी म्हणाले, "ही कथा माझी नाही. माझ्या कथेत डॉक्टर हसतो. आणि जमनी त्याला शिवी देते." मग ती शिवी मी माइकवर दिली. जशीच्या तशी, पूर्ण.

माइक बंद झाला. वाडीवाले शेट संपादकांना म्हणाले, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "यांना वर बसवलं की हे असं. खायला घाला नि पाठवून द्या."

मला खाली उतरवायला मात्र कोणी आलं नाही. मी खुर्चीवरून खाली बसले आणि पाचही पायऱ्या ढुंगणावर घसरत उतरले. साडी वर जात होती. तीन-चार जण फोनवर शूटिंग घेत होते. कुबडी मीच जाऊन घेतली.

दुसऱ्या दिवशी अच्छाडला गेले. जमनीला छापलेली कथा वाचून दाखवली. लपवावीशी वाटली होती, खोटं कशाला बोलू? तिने गाळणी खाली ठेवली.

"मी कदी धरले त्याचे पाय? तू तं होतीस ना तिकडं. तोंड फुटला माझा, तवाबी नाय धरले. आता तू धरवलेस?"

"मी नाही गं. त्यांनी बदललं."

"वर नाव तं तुझाच हाय."

ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला चहा दिला नाही. तिच्या ठिकाणी मी असते तर मीही दिला नसता.

संपादकांना फोन केला. म्हटलं, पुढच्या अंकात माझा शेवट छापा. ते म्हणाले, "वेडी आहेस का? तुझ्यासारखीला संधी दिली हेच चुकलं. आता बघतो, तुला कोण छापतं."

नका छापू. मला झेरॉक्स पुरते.

तलासरीत पुन्हा शिबिर लागणार आहे. मी त्या रांगेत पहाटेपासून बसणार आहे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला माझी मूळ कथा, शिवीसकट, मोठ्याने वाचून दाखवणार आहे. डॉक्टर 'भिंत सोड' म्हणाला तर सोडू नका, असं सांगणार आहे. डॉक्टरने ऐकलं तर बरंच. मला हाकललं तर गेटाबाहेर वाचेन. जमनी माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. ती बोलावी म्हणून मी हे करत नाही. त्या दिवशी रांगेत मी गप्प राहिले होते, म्हणून करते आहे.

आणि अर्ज? माझ्या हातून 'दया करावी' यापुढे उतरणार नाही. ज्याला ते हवं असेल त्याने दुसरा लेखनिक बघावा.

माझ्या कागदावर जमनी जमिनीवरूनच शिवी देईल. तिला उचलून कोणाच्या पायाशी नेऊन ठेवायचं असेल, तर आधी माझं नाव खोडा.