मागची सीट नसलेली गाडी

महिन्याभरापूर्वी एका रविवारी सकाळी, आडगावच्या पुढे हायवेलगतच्या एका शेडमध्ये माझी अडुसष्ट वर्षांची बहीण गाडीत अडकून बसली. गाडी बंद, दार सताड उघडं, आणि ताईला बाहेर काही येता येईना...

शेड दादाभाऊंची. मूळचे चांदवडकडचे, आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. आता जुन्या गाड्या शोधून आणतात, वर्ष-दोन वर्षं खपून नव्यासारख्या करतात आणि विकतात. ही होती साठेक वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स कार. गडद हिरवी, लाकडी स्टिअरिंग, कॅनव्हासचं टप आणि फक्त दोन सीट.

दादाभाऊ सगळं मलाच समजावून सांगत होते. इंजिन, गिअर, अ‍ॅव्हरेज... ताईने दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, गाडी मी घेतेय. हा नुसता सोबत आलाय. याला अजून स्कूटर डबल स्टँडला लावता येत नाही."

दादाभाऊ हसले. पण लगेच म्हणाले, "मग मॅडम, आमची परीक्षा द्यावी लागंल. आपलं आपण बसायचं, आपलं आपण उतरायचं. कुणाचा हात धरायचा नाय, दाराला लोंबकळायचं नाय."

ही त्यांची अट सगळ्यांनाच असते. एकदा एका वयस्कर गृहस्थांना त्यांनी अशीच गाडी दिली. ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत अडकले, शेजाऱ्यांनी ओढून बाहेर काढलं. लाजेने ते परत कधी त्या गाडीत बसलेच नाहीत. "माझी दोन वर्षांची मेहनत कव्हरखाली पडून हाय," दादाभाऊ सांगत होते. "गाडी फिरली पायजे, मॅडम."

ताई झटकन बसली. उतरताना मात्र गुडघ्यांनी दगा दिला. सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा चेहरा लालबुंद झाला... शेवटी दादाभाऊ आणि मी दोन दंड धरून तिला उभं केलं.

"महिनाभर ठेवतो मी," दादाभाऊ खाली बघत म्हणाले. "मुंबईचा एक जण बघून गेलाय. पण महिनाभर तुमच्यासाठी ठेवतो."

आम्ही परत निघालो. ताई देवळ्याच्या बाजूला सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती. अडलेल्या बाईला कित्येकदा स्वतःच्या गाडीत घालून तिने नाशिक गाठलंय.

द्वारका सर्कलला सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "नंदू, आयुष्यभर मी गाडी पळवली ती मागे कोणीतरी कण्हत असताना. एक कान कायम मागच्या सीटकडे. जिला मागची सीटच नाही अशी एक गाडी चालवायची होती रे... आता रोहन म्हणतो तेच खरं. ड्रायव्हर ठेवावा."

रोहन म्हणजे तिचा मुलगा. वर्षभर तो हेच सांगत होता आणि वर्षभर ती त्याला उडवून लावत होती. त्या दिवशी तिने इतक्या सहज मान्य केलं, की मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी मी दादाभाऊंना फोन करून सीटची नेमकी उंची विचारली. ताईच्या घरचा सत्यनारायणाचा चौरंग जवळपास तेवढाच निघाला! मग रोज सकाळी चहाआधी ताई चौरंगावर, आणि तिच्यासमोर स्टिअरिंग म्हणून परात धरून मी. दोन्ही पाय आधी बाहेर, एक हात टेकून, अंग पुढे झोकून वर... वहिनींनी, म्हणजे शेजारच्या देशपांडे वहिनींनी, एकदा खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि पडदा लावून घेतला.

पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या त्या मीच. "परात सरळ धर! पाळणा आहे का तो हलवायला?" तिसऱ्या आठवड्यात ती न टेकताही उठायला लागली.

गेल्या रविवारी पुन्हा शेडमध्ये गेलो. ताई बसली, पाय बाहेर काढले, अंग पुढे झोकलं... अर्धी उठली आणि क्षणभर डळमळली. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तिचं कोपर धरलं.

"नंदू!" ताई ओरडली. दादाभाऊंनी मान हलवली. "साहेब, हे चालायचं नाय. मॅडम, परत बसा. आणि तुम्ही तिकडं लांब, त्या कंप्रेसरपाशी उभे ऱ्हावा."

कंप्रेसरपाशी उभा राहिलो, दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबून. ती पुन्हा डळमळली तेव्हा खिशातल्या मुठी आवळल्या, पण बाहेर काढल्या नाहीत. एवढं अवघड काम बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

ताई उभी राहिली. आधी एक पाऊल, मग दुसरं. दादाभाऊंनी टाळी वाजवली, आतून हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आले. किल्ली देताना त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "पळवा, मॅडम."

गंगापूर रोडपर्यंत तिने गाडी चालवली. मी शेजारी, आणि ती वाटभर नुसती हसत होती. तिच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करून ती आरामात उतरली.

आणि मी अडकलो. परात धरण्याच्या नादात स्वतः चौरंगावर बसायचं मला कधी सुचलंच नव्हतं. वॉचमन बघत होता. दाराला लोंबकळायची सोय नव्हती.

ताई गाडीला वळसा घालून आली, कंबरेवर हात ठेवून तिने माझी फजिती मनसोक्त पाहिली आणि मग हात पुढे केला. "ये, बाळा."

त्रेसष्टाव्या वर्षी कोणीतरी आपल्याला बाळा म्हणायला आहे... निमूटपणे तो हात धरला आणि उठलो.