ओट्यावरचा पिवळा रंग

आमच्या घराची पुढची भिंत चुकीच्या नकाशाने पाडली, असे गावात बोलत. मी ते कधीच मान्य केले नाही. नकाशा बरोबर होता. त्यावर रंग नव्हता, आणि तो मुद्दाम भरू दिला नव्हता.

बाबा मंगरूळपीरला बांधकामाच्या कचेरीत नकाशे रंगवत. त्यांच्या आधी आजोबा तेच करत. आजोबांच्या वेळी नकाशा म्हणजे चित्रच असे. जाड कागदावर विटेला तांबूस, दगडाला राखी, पुलाखालच्या पाण्याला काठाशी गडद होत जाणारा निळा. भिंतींना सावल्यासुद्धा काढत. बाबांच्या काळापर्यंत सावल्या गेल्या आणि कामापुरते तीन रंग उरले. काळे ते आहे, तांबडे ते होणार, पिवळे ते जाणार. अंगठा उठवणारा गवंडीही एवढे वाचू शके. मला बाराखडीच्या आधी हे शिकवले गेले.

मग निळे छापे आले. मूळ नकाशा खळ दिलेल्या आरपार दिसणाऱ्या कापडावर शाईने गिरवायचा. त्याच्याखाली औषध लावलेला कागद, वर काच, आणि ती चौकट अंगणात उन्हात ठेवायची. नंतर कागद पाण्यातून काढला की निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटत. एका नकाशाच्या हव्या तेवढ्या प्रती निघत. जुने कापड धुऊन खळ काढली की मऊ मलमल हाती येई. कचेरीतल्या माणसांची पोरे तिच्या झबल्यांत वाढली, मीही वाढलो. त्या चौकटीवर माझा राग नाही. राग तिच्या आड लपणाऱ्यावर आहे. छाप्यात आहे ते, होणार ते आणि जाणार ते सगळे सारखेच पांढरे दिसते. म्हणून बाबा प्रत्येक छाप्यावर दाट पिवळा आणि तांबडा हाताने भरत.

दर्ग्याकडे जाणारा रस्ता रुंद करायचे ठरले. एका बाजूला आमची घरे होती. समोर कचेरीतल्या ओव्हरसिअरच्या मेहुण्याचे धान्याचे दुकान होते, आणि दुकानाचा ओटा सरकारी जागेत चांगलाच पुढे आलेला होता. मूळ नकाशात पिवळा त्या ओट्यावर होता. बाबांनीच तो भरला होता. तो नकाशा मंजूर होऊन अकोल्यालाच राहिला. इकडे आले ते फक्त रेघांचे कापड. त्यावरून छापे निघाले. बाबांनी रंगाची वाटी पुढे ओढली तेव्हा ओव्हरसिअरने ती बाजूला सारली.

"राहू द्या मास्तर. आता सूर्यच नकाशे काढून राह्यला. तुमी आराम करा."

कचेरी हसली. बाबाही थोडे हसले, हे मला अजून सहन होत नाही.

टोळी आली ती सकाळीच. मुकादम आसेगावचा, वयस्क माणूस. त्याने छापा उभा धरला, आडवा धरला.

"साहेब, याच्यात पिवळं कुठं हाय?"

ओव्हरसिअरने हातातली छडी आमच्या दाराच्या चौकटीवर टेकवली. "इथं."

माय भाकरी थापत होती. पहिली कुदळ बसली तशी परातीत माती पडली. मी कचेरीकडे पळालो. बाबा आले ते अनवाणीच.

"साहेब, पिवळं समोरच्या ओट्यावर हाय. म्याच भरलं होतं."

"मंग दाखवा न मास्तर या छाप्यात."

बाबांनी छापा हातात घेतला. त्यात दाखवण्यासारखे काहीच नव्हते. दुपारपर्यंत आमची भिंत गेली आणि शेजारच्या, कापड रंगवून देणाऱ्या रंगरेज चाचांचीही गेली.

त्या दिवशी मी ठरवले की तो ओटा पडला पाहिजे, आणि पडताना ओव्हरसिअरने समोर उभे राहून पाहिले पाहिजे. सूड म्हटले की भली माणसे कानावर हात ठेवतात. मी गावात वाटली जाणारी चळवळीची पत्रके वाचून वाढलो. अन्याय गिळणारा माणूस पुढच्या माणसासाठी कुदळ मोकळी करतो, एवढे मला त्यांतून कळले होते. अर्ज दिला असता तर तो ओव्हरसिअरच्याच टेबलावर गेला असता. म्हणून मी वाट पाहत राहिलो. अकोल्याचा मोठा साहेब बाजाराच्या दिवशी रस्ता पाहायला येणार, असे कळले.

जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी एकमेकींना चिकटवून मी मोठा कागद केला. दोरीने रस्ता मोजला आणि काळ्या रेघा ओढल्या. बाबांना रंग मागितला.

"कायले?" बाबा म्हणाले. "सुडानं भित उभी राह्यते काय?"

"नाही राहत. पन ओटा तं पडते."

"माही नोकरी जाईन."

मी रंगाची वडी घेतली, पाण्यात घासली आणि स्वतःच ओट्यावर पिवळा ओढला. कुठे दाट बसला, कुठे कागद उघडा राहिला, एके ठिकाणी ओघळ रेघेबाहेर गेला. बाबा बराच वेळ तिकडे न पाहता बसले होते. मग त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला.

"असा भरत असतेत काय रे पिवळा?" एवढेच म्हणाले, आणि ओटा रंगाच्या एकाच हातात, काठाला धक्का न लावता भरून दिला. पुन्हा नोकरीचे नाव काढले नाही.

बाजाराच्या दिवशी तो नकाशा चाचांच्या उरलेल्या भिंतीवर लागला. चाचा स्वतः काठी घेऊन उभे राहिले. "देखो भाई, काला हाय ते ऱ्हाते, लाल येते, पीला जाते." लोक कागदाकडे पाहत, वळून ओट्याकडे पाहत आणि हसत. मेहुण्याने दुकानाची एक फळी लावून घेतली.

मोठा साहेब घोड्यावरून उतरला. त्याने आधी भिंतीवरचा नकाशा पाहिला, मग ओव्हरसिअरजवळचा छापा मागितला.

"याच्यावर रंग का नाही?"

"साहेब, रंग संपला होता," ओव्हरसिअर म्हणाला.

"मांगून घ्यायचा होता न," चाचा मागून म्हणाले. "आमच्या इथं तं हौद भरेल हाय."

साहेब हसला नाही. त्याने अकोल्याहून मूळ नकाशा मागवला. तो आला, आणि बाबांच्या हातचा पिवळा जिथे होता तिथेच होता.

आमची भिंत कोणी बांधून दिली नाही. आम्हीच ती आत सरकवून उभी केली. ओव्हरसिअरचेही कुठे काही वाकडे झाले नाही. ओटा पाडायच्या कामावर देखरेखीला त्यालाच उभे केले. त्या दिवशी मी सकाळपासून आमच्या नव्या भिंतीला टेकून बसलो होतो. समोर मुकादमाच्या हातात छापा होता, या वेळी बाबांनी रंगवलेला. त्यावरचा पिवळा लांबूनही दिसत होता. तरी मुकादमाने कुदळ उचलायच्या आधी तो छापा ओव्हरसिअरच्या तोंडासमोर धरला आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे विचारले,

"साहेब, पिवळं इथंच न?"

ओव्हरसिअर मेहुण्याच्या दुकानाकडे पाहू लागला. मुकादमाने कुदळ खाली टेकवली. "तुमी सांगसान तवा."

शेवटी ओव्हरसिअरने होकाराची मान हलवली. मला ती मान हलताना पाहायची होती. पाहिली, आणि ओटा संपेपर्यंत तिथून उठलो नाही.